गोळी बंद करण्याआधी बाबांना सगळं सांग

नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, सीटी स्कॅनचा रिपोर्टही दोनदा वाचला. लिव्हरमधल्या गाठी आहेत तेवढ्याच, नवीन काही नाही. चार वर्षं रोज इमॅटिनिब ही कॅन्सरची गोळी, 400 मिलिग्रॅमची, घेतल्यावर असा रिपोर्ट हाती येणं ही आनंदाचीच गोष्ट आहे. आणि नेमकं याच रिपोर्टवर बोट ठेवून बाबा म्हणताहेत की आता बस झालं, मृगाचा बहार धरायच्या आत गोळी बंद. खरंच बंद करता येईल का, असं तू मला विचारलंस.

उत्तर आधीच सांगते. बाबांच्या आजारात, आपल्या मनाने, नाही. मी आयुष्यभर कॅन्सरच्या औषधांच्या काउंटरवर काम केलं, मी डॉक्टर नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या ऑन्कोलॉजिस्टचा, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांचा. पण 'नाही' का, हे तुला नीट समजलं पाहिजे.

बाबांना झालाय तो जिस्ट. जठराच्या, आतड्याच्या भिंतीत होणारी ही गाठ नेहमीच्या जठराच्या कॅन्सरपेक्षा वेगळी. तिच्या बहुतेक रुग्णांमध्ये केआयटी नावाच्या जनुकात बिघाड असतो, हे 1998 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. त्या बिघाडामुळे पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम सतत मिळत राहतो. इमॅटिनिब तो हुकूम दाबून धरतं. बहुतेकांमध्ये ते सगळ्या पेशी मारत नाही, बऱ्याच पेशी नुसत्या निपचित पडून राहतात. बाबांना त्यांच्या भाषेत सांगायचं तर नांगरट झाली की वावर स्वच्छ दिसतं, पण कुंद्याच्या मुळ्या खाली जित्याच असतात. स्कॅनला वरचं वावर दिसतं.

आता एक फरक, ज्यावरून घरोघरी गोंधळ होतो. ऑपरेशनने पूर्ण गाठ निघाली, दुसरीकडे कुठे काही नाही, पण पुन्हा होण्याचा धोका मोठा आहे, अशा माणसाला ही गोळी ठरावीक मुदतीसाठी देतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका अभ्यासात एक वर्ष आणि तीन वर्षं गोळी घेणाऱ्यांची तुलना होती. पाच वर्षांनी आजार न उलटलेले लोक एक वर्षवाल्यांत सुमारे 48 टक्के होते, तीन वर्षवाल्यांत सुमारे 66 टक्के. तेव्हापासून तीन वर्षांचा कोर्स रूढ झाला. बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनाही कुणीतरी 'तीन वर्षं' म्हटलं असणार, आणि तेच त्यांच्या मनात बसलं असणार. पण त्यानंतर लिव्हरमध्ये गाठी दिसल्या, आणि तिथून हिशेब बदलला. पसरलेल्या जिस्टमध्ये गोळी जोवर काम करते आणि सोसवते, तोवर चालू ठेवायची असते. तिला शेवटची तारीख नसते.

तुमच्या शेजारच्या काकाजींचं उदाहरण बाबा देतात ना, तेही खोटं नाही. त्यांचीही गोळी इमॅटिनिबच होती आणि ती डॉक्टरांनीच बंद केली. पण त्यांना आहे रक्ताचा कॅन्सर, सीएमएल. त्यात पीसीआर नावाच्या रक्ताच्या तपासणीत आजाराची अगदी बारीक शिल्लकसुद्धा पकडता येते. ज्यांच्यात ती निदान दोन वर्षं सापडली नाही, अशांची गोळी फ्रान्समध्ये थांबवून पाहिली, तेव्हा वर्षभरानंतर 40 टक्क्यांच्या आसपास लोक गोळीशिवाय ठीक होते. उरलेल्यांचा आजार तपासणीत दिसला की लगेच गोळी सुरू करता आली. जिस्टवर लक्ष ठेवायला अशी रोजच्या वापरातली रक्ताची तपासणी नाही. स्कॅनवर दिसेल तेव्हाच कळणार. गोळी एक असली तरी दोन्ही आजारांचा हिशेब एक होत नाही.

आणि जिस्टमध्ये गोळी थांबवून पाहिलीच नाही, असंही नाही. तीही फ्रान्समध्येच थांबवली. आजार आटोक्यात असलेल्या लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाची गोळी चालू, एकाची बंद. वर्षभर गोळी घेऊन मग बंद केलेल्या 32 जणांपैकी 26 जणांचा आजार पुन्हा वाढला. चालू ठेवलेल्या 26 जणांत हा आकडा 8 होता. तीन वर्षं गोळी घेतल्यावर थांबवून पाहिलं, तेव्हाही दोन वर्षांनी आजार न वाढलेले लोक चालू गटात 80 टक्के आणि बंद गटात फक्त 16 टक्के. बाबांचा 'तीन वर्षं तर झाली' हा मुद्दा इथेच पडतो. पुन्हा गोळी सुरू केल्यावर बहुतेकांचा आजार परत आटोक्यात आला, हे खरं. पण अनेकांच्या गाठी आधी जितक्या दबल्या होत्या तितक्या पुन्हा दबल्या नाहीत. 'बंद करून पाहू, वाढलं तर परत सुरू करू' हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय.

मात्र घाबरूनही जाऊ नकोस. उलट्या झाल्या, एखादं ऑपरेशन आलं, रक्तातल्या पेशी उतरल्या, तर डॉक्टर स्वतः काही दिवस गोळी थांबवतात. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, नेहमीचीच घ्यायची. मी बोलतेय ते कायमचं बंद करण्याबद्दल.

आता बाबांकडे वळते. गोळी बंद करायची म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा दुसरंच काही बंद व्हायला हवं असतं. सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले असतात आणि पारावर चार लोक विचारतात. रात्री पिंडरीत गोळा येतो. बागेत ओलीत करायला उभं राहिलं की तासाभरात दम जातो. हे सगळं या औषधाने होतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. गोळी दिवसातल्या मोठ्या जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. मीठ कमी, उशी थोडी उंच, याने डोळ्यांची सूज उतरायला मदत होते. पिंडरीच्या गोळ्यासाठी रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम तपासून घ्या, आणि नागपूरच्या उन्हात पाणी कमी पडू देऊ नका. कृपा करून गावातल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणू नका, जिस्टच्या गाठीतून रक्तस्राव होऊ शकतो. एवढं करूनही सोसवत नसेल तर डॉक्टर 400 वरून 300 वर आणण्याचा विचार करू शकतात. तो निर्णय त्यांचा, आपण घरी गोळी तोडायची नाही.

संत्र्याचं विचारलंस, तेही सांगते. ज्याची बाग आहे त्यालाच संत्रं बंद केलं म्हणजे काय झालं! आपलं नागपुरी संत्रं बाबांनी खुशाल खावं. टाळायचं ते ग्रेपफ्रूट आणि पपनस, त्यांनी या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.

पैशाचं तू काही लिहिलं नाहीस, पण बाबा तुझ्या पगाराकडे पाहून गप्प असतील. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने ग्लिवेकचं, म्हणजे मूळ कंपनीच्या इमॅटिनिबचं, पेटंट नाकारलं. त्या काळी कंपनीच्या गोळीला महिन्याला लाखाच्या वर लागत आणि जेनेरिकला, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या त्याच औषधाला, आठ-दहा हजार. आज जेनेरिक त्याहूनही स्वस्त मिळतं. तुमच्या दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेट, फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचार, आणि आकडा बाबांच्या कानावर घाल.

आणि आता जे लिहायला मी हा कागद घेतला ते. तुझ्या मेसेजच्या शेवटी एक ओळ होती, "बाबांना लिव्हरचं सांगितलेलं नाही, फक्त गाठ काढली एवढंच माहीत आहे." बेटा, मग ते हट्टी कुठे आहेत? गाठ निघाली, रिपोर्ट चांगला, तीन वर्षं उलटून गेली, गोळीचा त्रास होतो. एवढंच ज्याला माहीत आहे तो शहाणा माणूस गोळी बंदच करील. काउंटरवर मी अशी कितीतरी घरं पाहिली. मुलगा डॉक्टरांना डोळ्याने खुणावतो, बायको फाइल पदराखाली धरते, आणि ज्याचं पोट कापलंय तोच बाहेर बाकावर बसलेला असतो. हेतू मायेचाच असतो. पण त्या मायेपायी माणूस अर्ध्या माहितीवर आपल्या जिवाचा निर्णय घेतो.

बाबांना सांग. गोळी घ्यायची की नाही, हे शेवटी त्यांचंच ठरवणं आहे, आणि सगळं कळल्यावर ते वेगळं ठरवतील असं मला मनापासून वाटतं. तसं नाही ठरवलं तरी ते त्यांनी जाणून ठरवलेलं असेल.

कसं सांगायचं, तर घरी एकटीने नको. पुढच्या ओपीडीला बाबांना आत ने, डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर त्यांना बसव, तू बाजूच्या स्टुलावर बस. डॉक्टरांना आधी फोन करून सांग की आज सगळं उघड बोलायचं आहे, थोडा वेळ राखून ठेवा. स्कॅनची सीडी, बायोप्सीचा आणि जनुकाच्या तपासणीचा रिपोर्ट बरोबर घे. जनुकाची तपासणी झालीच नसेल तर बायोप्सीच्या ब्लॉकवर, म्हणजे जपून ठेवलेल्या तुकड्यावर, अजूनही होऊ शकते का, ते विचार. बिघाड केआयटी जनुकाच्या कोणत्या भागात, एक्सॉन 11 मध्ये की 9 मध्ये, यावर डोस ठरतो. दुसरं मत हवं असेल तर तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, त्यात डॉक्टरांचा अपमान नसतो. डोळ्यांची सूज, पिंडरीचा गोळा, कोणत्या दिवशी किती वाजता, हे बाबांनाच त्यांच्या हाताने वहीत लिहायला सांग. आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी प्रश्न विचारला की उत्तर तू देऊ नकोस, बाबांना देऊ दे.

तुझी,
मावशी