समकालीन ख्रिस्ती धर्मचिंतकांपैकी तुमचे आवडते कोण, आणि का?

नावं सांगतेच, पण तुम्ही ‘का’ असंही विचारलंय, म्हणून आधी माझी कसोटी. निरपराध माणूस भोगतो तेव्हा देव कुठे असतो, या प्रश्नापाशी लेखक किती वेळ थांबतो, ते मी बघते. पंथ आणि प्रसिद्धी नंतर. कोविडच्या दुसऱ्या लाटेत इथे ठाण्यात आमच्या चर्चच्या मंडळीतली तरणीताठी माणसं गेली. ‘देवाची इच्छा’ एवढं उत्तर त्यानंतर मला पुरेनासं झालं.

समकालीन म्हणजे गेल्या पन्नास-साठ वर्षांत लिहिणारे, असं धरते. पहिलं नाव जर्मन प्रोटेस्टंट धर्मचिंतक युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४). १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब पडत असताना शेजारी उभा असलेला त्यांचा मित्र मारला गेला, ते स्वतः मात्र बचावले. पुढे युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडच्या छावणीत हातात बायबल आलं आणि मार्कच्या शुभवर्तमानात ते अडकले ते येशूच्या आक्रोशापाशी: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ १९७२ चं ‘द क्रुसिफाइड गॉड’ या आक्रोशावरच उभं आहे. पुत्र येशू मरण सोसतो आणि देवपिता पुत्राचं मरण सोसतो. दुःख देवाच्या बाहेर राहत नाही, असं ते मांडतात. यावर कॅथलिक धर्मचिंतक कार्ल रानर यांचा आक्षेप असा, की देवही माझ्यासारखाच भोगत असेल तर माझी सुटका कशी होणार? आक्षेप खरा आहे. म्हणून हे पुस्तक त्यांच्याच १९६४ च्या ‘थिऑलॉजी ऑफ होप’बरोबर वाचावं असं मला ठामपणे वाटतं. तिथे सगळा भर पुनरुत्थानावर, म्हणजे येशूच्या मरणातून उठण्यावर आहे; वधस्तंभ आणि रिकामी कबर ही दोन पुस्तकं मिळूनच पुरी होतात.

दुसरे अमेरिकेतले कृष्णवर्णीय धर्मचिंतक जेम्स कोन. त्यांच्या ‘द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री’मधला (२०११) प्रश्न अंगावर येतो: अमेरिकेत कृष्णवर्णीयांना झाडांना टांगून मारत असताना, वधस्तंभावर इतकं लिहिणाऱ्या गोऱ्या पंडितांना, अगदी राइनहोल्ड नीबर या नामवंत अमेरिकन धर्मचिंतकालाही, त्यात वधस्तंभ कसा दिसला नाही?

ते वाचल्यावर आपल्याकडे बघावंच लागतं, आणि मग अरविंद निर्मल (१९३६–१९९५) टाळता येत नाहीत. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये त्यांनी शूद्रांच्या थिऑलॉजीची (धर्मचिंतनाची) मागणी करणारं भाषण केलं; दलित थिऑलॉजीची सुरुवात तिथून मोजतात. येशूने मंदिर शुद्ध केलं तो प्रसंग ते परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, उपासनेच्या हक्काचा म्हणून वाचतात. काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. आपल्या चर्चमध्येही जात शिरलेली आहे, आणि ते बोलायला आपण अजून बिचकतो. त्यांच्या जोडीला पुण्यात शिकवलेले जेझुइट (येशूसंघीय) धर्मगुरू जॉर्ज सोआरिस-प्रभू वाचा. जकातदार आणि पापी लोकांच्या पंक्तीला बसणारा येशू आणि भारतातले दलित ख्रिस्ती यांवरचा त्यांचा लेख मला फार मोलाचा वाटतो.

नव्या कराराचे ब्रिटिश अभ्यासक एन. टी. राइट यांची विद्वत्ता मोठी आहे आणि पुनरुत्थानाचा इतिहास समजून घ्यायला ते हवेतच, पण माझ्या प्रश्नाला ते मोल्टमानइतके भिडत नाहीत. मराठीतच काही हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ घ्या, २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्यालाच मिळाला. वसई पूर्वी ठाणे जिल्ह्यातच होती, त्यामुळे फादर आम्हाला घरचेच वाटायचे.

सुरुवात मोल्टमानपासून करू नका, ते जड जातं. कँटरबरीचे माजी आर्चबिशप रोवन विल्यम्स यांचं ‘बीइंग ख्रिश्चन’ छोटंसं आहे: बाप्तिस्मा, बायबल, प्रभुभोजन आणि प्रार्थना. लोकलच्या प्रवासात आठवड्याभरात होईल. मग कोन, मग निर्मल. तुमचा प्रश्न माझ्यापेक्षा वेगळा असेल, समजा विज्ञानाचा किंवा इतर धर्मांचा, तर कळवा. त्याची नावं वेगळी आहेत.