पहिला अल्बम, सहा मिनिटांचा ख्याल आणि करारातील कलमे

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या आपल्या 17 वर्षांच्या भाचीला एका कंपनीने आठ ध्वनिमुद्रणांचा अल्बम देऊ केला आहे, त्यात दोन ख्याल (शास्त्रीय गायनातील राग विस्ताराने मांडण्याचा प्रकार) असावेत, बाकी नाट्यगीते, भजने आणि गझला असाव्यात, आणि काहीही सहा मिनिटांपेक्षा लांबू नये, अशी अट असल्याचे आपण लिहिले आहे. ‘जुने गवई तीन मिनिटांत राग उभा करत, मग सहा मिनिटे का पुरू नयेत,’ या कंपनीच्या युक्तिवादाचे उत्तर आधी देतो, कारण तो वरवर पाहता बिनतोड वाटतो.

मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत, हे खरे आहे. परंतु किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ज्या तबकड्या आजही आपण कान टवकारून ऐकतो, त्यांपैकी बऱ्याच त्यांच्या साठीच्या आसपासच्या आहेत; तासन्‌तास विस्तार केलेला राग त्यांनी आटवून तीन मिनिटांत आणला होता. जे अजून पसरलेच नाही, ते आटवणार कसे? विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाचे एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांची एक पूर्ण फेरी, 45 सेकंदांचे धरले, तर सहा मिनिटांत जेमतेम आठ आवर्तने होतात. त्यात बंदिशीचे (तालात बांधलेल्या रचनेचे) स्थायी आणि अंतरा हे दोन भाग, थोडी बढत (रागाचा क्रमाने विस्तार), सरगम, ताना आणि वर द्रुत (जलद लयीची बंदिश) कोंबायचे म्हणजे स्पर्धेतील सादरीकरणच पुन्हा करायचे. स्पर्धेने तिला दोन मिनिटांत टाळी घ्यायला शिकवले आहे, आणि ते कौशल्य कमी प्रतीचे नाही, पण पहिल्या अल्बममध्ये तेच नोंदवून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही.

म्हणून माझा आग्रह असा राहील की, आठ तुकड्यांऐवजी गुरूंकडे निदान तीन-चार वर्षे घोटलेला एकच राग 25 ते 30 मिनिटे, विलंबित आणि द्रुत अशा दोन्ही बंदिशींसह घ्यावा, आणि त्यानंतर हवे तर एक नाट्यपद किंवा भजन ठेवावे. आता ही मुद्रणे बहुतांशी ऑनलाइनच निघत असल्यामुळे लांबीला तांत्रिक अडसर उरलेला नाही. अडसर असलाच तर विक्रीच्या हिशेबाचा असतो, आणि त्यावर बोलणी करता येतात.

मुद्रणाच्या वेळी तबला आणि संवादिनी (हार्मोनियम) यांची साथ समोरासमोर बसून असावी. ठोक्याच्या यंत्रावर आधी ठेका भरून त्यावर गळा चढवण्याची पद्धत भावगीताला चालते, ख्यालात मात्र समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची सारी गंमत तिथेच संपते. सूर ‘दुरुस्त’ करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल तर लेखी नकार घ्यावा. दरबारी रागाचा आंदोलित (हेलकावत घेतला जाणारा) गंधार संवादिनीच्या पट्टीवर सापडत नाही. सॉफ्टवेअर त्याला ओढून पट्टीवर बसवते, आणि मग उरतो तो दरबारी नव्हेच. ज्याला मी संवादिनीची साथ केली, अशा एका तरुण गायकाचे असे ‘स्वच्छ’ केलेले मुद्रण मी ऐकले आहे. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला होता.

आता कराराविषयी. भारतीय करार कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार रद्दबातल ठरतो, त्यामुळे सही पालकांची लागेल आणि मसुदा वकिलाला दाखवावाच. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरासाठी सादरकर्त्याला मानधनाव्यतिरिक्त स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळण्याची तरतूद आहे. एकरकमी रक्कम देऊन तो विषय संपवणारे वाक्य मसुद्यात आहे का, ते पाहावे. हक्कांच्या हस्तांतरणाची मुदत आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर कायदा मुदत पाच वर्षे आणि क्षेत्र भारतापुरते मानतो. म्हणूनच ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द मसुद्यात हमखास घातले जातात. याहून धोक्याचे कलम म्हणजे ‘पुढील अमुक अल्बम आमच्याकडेच’ हे होय. विसाव्या वर्षी तिचे गाणे कोणत्या वळणाला लागेल, हे आज तिच्या गुरूंनाही सांगता येणार नाही, तेव्हा हे कलम काढायला लावावे. कंपनी ते काढत नसेल तर मी सही करू देणार नाही.

बंदिश पारंपरिक आहे की अलीकडच्या रचनाकाराची, हेही तपासावे, कारण रचनाकाराच्या निधनानंतर 60 वर्षे तिच्यावर हक्क राहतो आणि परवानगी आधी घ्यावी लागते. गुरूंची स्वतःची बंदिश असेल, तर घरचीच आहे म्हणून गृहीत न धरता त्यांचीही लेखी संमती घ्यावी, आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव रचनाकार म्हणून स्वतंत्रपणे यावे.