निवेदिकेची साइट: आधी आवाज, मग सजावट

तुमचा प्रश्न असा: निवेदन, सूत्रसंचालन आणि व्हॉइसओव्हरच्या कामासाठी तयार टेम्प्लेटवर साइट केली आहे, डिझाइन कसं वाटतं?

मुद्दाम फोनवर, मोबाइल डेटावर उघडून पाहिली. काम देणारा आयोजक लॅपटॉप उघडून बसत नाही. कोणीतरी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवतो आणि तो रिक्षात बसल्या बसल्या बघतो. आवाज कसा आहे आणि फोन कुठे करायचा, एवढंच त्याला हवं असतं. तुमच्या साइटवर आवाज सापडेपर्यंत सहा स्क्रीन सरकवावे लागले. डिझाइनचा खरा दोष हा. बाकीचे त्यापुढे किरकोळ.

वरचा तीन फोटोंचा स्लायडर काढा. मायक्रोफोनसमोरचा फोटो उत्तम आहे, तो एकच ठेवा. ‘आवाजातून भावनांचा प्रवास’ या ओळीवरून तुम्ही गाता, की शिकवता, की समुपदेशन करता, काही कळत नाही. त्या जागी नाव, खाली ‘निवेदन, सूत्रसंचालन, व्हॉइसओव्हर – मराठी, हिंदी, इंग्रजी’, मग शहर आणि लगेच ‘आवाज ऐका’ हे बटण. फोटो कॅमेऱ्यातून आला तसाच चढवलेला दिसतो, कित्येक एमबींचा. १६०० पिक्सेल रुंदीचा वेबपी (वेबसाठीचा हलका चित्रप्रकार) केलात तर २०० केबीच्या आसपास बसेल. या पहिल्या फोटोला लेझी लोडिंग (चित्र गरज पडेल तेव्हाच उतरवायची सोय) लावू नका, नाहीतर तोच सर्वांत उशिरा येतो. पेजस्पीड या गुगलच्या वेग तपासणाऱ्या साधनावर मोबाइलचा एलसीपी, म्हणजे पडद्यावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागणारा वेळ, २.५ सेकंदांच्या आत आला की पुरे. शंभरपैकी शंभरच्या मागे लागू नका.

नमुन्यांसाठी चार-चार मिनिटांचे व्हिडिओ कोणी ऐकत नाही. ३० ते ४० सेकंदांचे तीन तुकडे करा: माहितीपट, जाहिरात, रंगमंच. मंचावरचं बोलणं आणि स्टुडिओतलं वाचन ही वेगळी कामं आहेत, तेव्हा एकाच फाइलमध्ये कोंबू नका. ४० सेकंदांची स्टिरिओ वेव्ह फाइल सात एमबीच्या घरात जाते. तीच १२८ केबीपीएसची एमपीथ्री केली तर साधारण ६४० केबी. नुसत्या आवाजाला मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं ध्वनिमुद्रण, चालतं. आपोआप वाजवायच्या फंदात पडू नका, ब्राउझर बहुधा अडवतातच. आणि एक तुकडा सुरू केला की आधीचा थांबतो का, ते पाहा. साधा प्लेअर स्वतःहून थांबवत नाही, दोन्ही आवाज एकावर एक चढतात.

आता देवनागरी. भाषेवर पोट असणाऱ्या माणसाच्या साइटवर ती बिघडलेली चालत नाही. तुमच्या शीर्षकांत शिरोरेषा अक्षरागणिक तुटली आहे. टेम्प्लेट इंग्रजीसाठी बनलंय, त्यात कॅपिटल अक्षरांमध्ये अंतर सोडलेलं असतं. हे अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, शून्य करा. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ आहे, म्हणून वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात, मजकुराला १.६ ते १.८ द्या. तिरपा ठसा (इटॅलिक) टाळा: फाँटमध्ये तिरपी देवनागरी नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरंच ढकलून तिरकी करतो. पान कोणत्या भाषेत आहे हे ब्राउझरला सांगणारा भाषा-कोडही इंग्रजीच राहिलाय. तो मराठीचा केलात तर ज्या फाँटात सोय आहे त्यात मराठी वळणाचे ल आणि श आपोआप येतील. तीरो देवनागरी मराठी हा फाँट घेतलात तर पाकळीचा ल मुळातच मिळतो. शीर्षकाला तो आणि मजकुराला मुक्ता हा फाँट, ही जोडी बरी दिसेल.

पांढऱ्यावर सोनेरी अक्षरं उन्हात वाचता येत नाहीत. साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण निदान ४.५:१ लागतं, तुमचं जेमतेम २:१ भरतं. सोनेरी सोडवत नसेल तर तोच रंग काळ्यावर घ्या, १०:१ च्या आसपास जाईल.

‘५००+ कार्यक्रम’चा फिरता आकडा भरभर खाली सरकलं की ‘०+’ दाखवतो. हसू आलं खरं, पण आयोजकाला येऊ नये. सरळ मजकूर टाका. ‘खूप छान!’ छापाचे अभिप्रायही काढा. कार्यक्रम कोणता आणि तुम्ही तिथे नेमकं काय केलं, हे सांगणारे दोनच ठेवा.

संपर्काच्या अर्जात सात रकाने आहेत. नाव, फोन, तारीख, कामाचं स्वरूप: चार पुरेत. अर्ज स्वतः भरून पाहा. होस्टिंगवरून, म्हणजे साइट ठेवलेल्या सर्व्हरवरून, थेट जाणारी मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते. एसएमटीपी, म्हणजे मेलसेवेत लॉगिन करून तिच्यामार्फत मेल पाठवायची सोय, जोडलंत तर तो धोका बराच कमी होतो. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण खाली कायम दिसू द्या. त्याच्या दुव्यात क्रमांकाआधी ९१ हवेत, पण अधिकचं चिन्ह किंवा सुरुवातीचं शून्य नको.

शेवटचं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवल्यावर त्यासोबत दिसणारी झलक. सध्या तिथे नुसतं ‘होम’ येतं, फोटो नाही. शीर्षकात नाव आणि काम लिहा, १२०० बाय ६३० पिक्सेलचं चित्र लावा. बदल केल्यावरही व्हॉट्सअ‍ॅप काही काळ जुनंच दाखवेल. तोवर दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून पाठवा.