शाळेच्या वातावरणाचा मुलाच्या शिकण्यावर खरंच फरक पडतो का, की हुशार मूल कुठंही शिकतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा तिसरीत आहे, गावच्या जिल्हा परिषद शाळेत जातो, आणि तालुक्याला एसी वर्ग नि डिजिटल फळा असलेली इंग्रजी शाळा निघाली आहे. घरचे म्हणतात, हुशार पोरगं कुठंही शिकतं. तुमचं मन मानत नाही.

तुमचंच बरोबर आहे. फरक पडतो, आणि तो आपल्याला वाटतो त्याहून जास्त पडतो. मी १९ वर्षं धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षक आहे. फक्त, पालक शाळा बघायला येतात तेव्हा जे बघतात त्यापायी मूल अडत नाही. ते अडतं भलतीकडेच.

माझी पहिली शाळा द्विशिक्षकी होती. वर्गात तीन मुलं उजव्या कोपऱ्यात बसायची आणि फळ्यावरचं उतरवताना हमखास चुकायची. ३७ चे ३१, ‘घर’चं ‘धर’. मी त्यांना आळशी समजत होतो, सगळ्यांसमोर तसं बोललोही होतो. एके दिवशी हातातला खडू निसटून त्या कोपऱ्यात गेला. उचलायला गेलो आणि तिथंच सतरंजीवर टेकलो. समोर बघतो तर अर्धा फळा नुसता चकाकत होता. डावीकडच्या खिडकीतला उजेड फळ्यावरून थेट त्या कोपऱ्यात येत होता. उभं राहून शिकवणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं. लाकडी फळा वीतभर तिरका केला, खिडकीला गोणपाट लावलं. पंधरा दिवसांत दोघांच्या चुका गेल्या. तिसऱ्याचे डोळे तपासून घेतले, त्याला चष्मा लागला. फळा सरळ झाला, पण तो ‘आळशी’ शब्द मला परत घेता आला नाही. त्यातला एक मुलगा वर्ष संपेपर्यंत माझ्याशी मोकळा झाला नाही.

तेव्हापासून नवीन वर्ग मिळाला की पहिल्या दिवशी मी प्रत्येक कोपऱ्यात खाली बसून बघतो.

मग आपलं ऊन. खान्देशात ते वेगळं सांगायला नको. आमची बरीच मुलं अजून धाब्याच्या घरांतून येतात. जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच छप्पर. बाहेर ४३ असलं तरी आत निभतं. शाळेची खोली मात्र पत्र्याची. सकाळची शाळा सुरू व्हायच्या आधीचे मार्चचे जे दिवस असतात, त्यांत दुपारी दोन वाजता मुलांचे डोळे जड होतात, वही घामानं भिजते, आणि आपण म्हणतो लक्ष नाही. अमेरिकेत जवळपास १ कोटी विद्यार्थ्यांचे गुण तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभराचं सरासरी तापमान १ अंश फॅरनहाइटनं वाढलं की एसी नसलेल्या शाळांत त्या वर्षीचं शिकणं साधारण १ टक्क्यानं घटत होतं. एसी असलेल्या शाळांत हा तोटा जवळजवळ भरून निघत होता. म्हणून तुमच्या त्या शाळेतल्या एसीला मी चैन म्हणणार नाही. तो तिच्या बाजूचा खरा गुण आहे.

आवाजाचंही तसंच. न्यूयॉर्कमध्ये एक शाळा उंचावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाला खेटून होती. १९७५ साली तिथं तपासलं तेव्हा रुळांकडच्या वर्गांतली सहावीची मुलं वाचनात दुसऱ्या बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ एक वर्ष मागे होती. शाळा तीच, फक्त खोलीची बाजू वेगळी. पुढं रुळांखाली रबर घातलं, वर्गांना आवाज शोषणारं छत बसवलं, आणि नंतर तपासलं तर तो फरक उरला नव्हता. भुसावळला रुळांच्या कडेला राहणाऱ्यांना हे पटकन कळेल. आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडं पिठाची गिरणी होती. मी गिरणीवाल्या काकांना हात जोडून विनंती केली की दळण सकाळी आणि शाळा सुटल्यावर घ्या. त्यांनी ऐकलं. त्यांची नात आमच्याच पहिलीत होती.

आता रंगरंगोटीबद्दल. बोलक्या भिंती मीही हौसेनं रंगवल्यात: पाढे, बाराखडी, फळं, ग्रह, महापुरुष, इंचभर जागा सोडली नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१४ मध्ये बालवर्गातल्या २४ मुलांवर एक प्रयोग झाला. चित्रांनी भरलेल्या खोलीत शिकवलेल्या धड्यावर मुलांची ४२ टक्के उत्तरं बरोबर आली, कोऱ्या भिंतींच्या खोलीत ५५ टक्के. मुलं थोडी आहेत, त्यावरून भिंती पुसायला निघू नये. पण मी फळ्याकडची भिंत कोरी केली. डिजिटल फळ्याबद्दलही माझं मत एवढंच आहे की त्यानं फार बिघडतही नाही आणि फार सुधारतही नाही.

ज्या गोष्टीसाठी हे उत्तर लिहायला बसलो, ती भाषेची.

चौथीत एक मुलगी होती. काही विचारलं की मान खाली. गणिताच्या चाचणीत ‘एका मजुराने ३८ किलोग्रॅम कापूस वेचला, प्रतिकिलो मजुरी ८ रुपये, तर एकूण मजुरी किती?’ हे उदाहरण तिनं कोरं सोडलं होतं. वेचणीचे दिवस होते. शाळा सुटताना मी तिला सहज अहिराणीत विचारलं, की आईनं काल वावरात किती कापूस वेचला आणि पैसे किती झाले. आकडे अगदी तेच निघाले नाहीत, म्हणून मी म्हटलं, समज अडतीस किलो असता तर? क्षणाचाही विचार न करता म्हणाली, तीनशे चार. कसं काढलंस? तर चाळीसचे तीनशे वीस, त्यातून दोनचे सोळा काढून टाकले. बोटंसुद्धा मोडली नाहीत. ही मुलगी माझ्या वहीत ‘गणितात कच्ची’ म्हणून नोंदलेली होती. तिला गणित येत होतं, ‘प्रतिकिलो’ येत नव्हतं. आणि ते येत नाही हे माझ्या मराठीत मला सांगायचीही तिला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात सांगून टाकलं की उत्तर कोणत्याही बोलीत चालेल. पहिले आठ दिवस पोरं नुसती हसली. मग एकानं भर वर्गात हात वर करून म्हटलं, “सर, माले समजनं नही.” इतक्या वर्षांत हे वाक्य माझ्या वर्गात मोठ्यानं कुणी बोललं नव्हतं. त्या वर्षी मी काही नवीन शिकवलं नाही, तेच धडे, तीच खोली. पण मुलं ‘काबर?’, म्हणजे ‘का?’, विचारायला लागली. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी, अक्कलकुव्याकडं पावरी किंवा भिली बोलत येणाऱ्या मुलांना तर मराठी हीच परकी भाषा असते, तिथं ही भिंत दुप्पट उंच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हेच माध्यम ठेवा असं म्हटलंय, ते उगाच नाही. तुमच्या घरी अहिराणी बोलत असतील, तर तिसरीत इंग्रजी माध्यमात जाणारं मूल एकदम दोन पायऱ्या चढणार, हे मनात धरून निर्णय घ्या.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते, छात्रालयही तेच सांभाळत. तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हातानं लिहून काढत. मी त्यावरून एक सवय उचलली. आमच्या व्हरांड्यातल्या छोट्या फळ्यावर रोज सकाळी गावातल्या चार ओळी लिहितो: कुणाच्या गाईला कालवड झाली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं. दप्तर ठेवायच्या आधी मुलं तिथं गर्दी करतात. त्यात दुसरीतली, जोडाक्षरांना अडणारीही असतात.

तर निर्णय घेण्याआधी दोन्ही शाळांत एकेकदा जा. प्रार्थनेच्या वेळी नको, दुपारी दोनला. शेवटच्या रांगेत, मुलाच्या उंचीवर बसा. फळा दिसतो का, शेवटपर्यंत ऐकू येतं का, आणि एखादं मूल ‘समजलं नाही’ म्हणालं तर शिकवणाऱ्याचा चेहरा कसा होतो ते बघा. स्वच्छतागृहात पाणी आहे का तेही बघा, कारण ते नसलं की मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत.

गावच्या शाळेत काही उणं दिसलं तर शाळा व्यवस्थापन समितीत बोला. कायद्यानं त्या समितीत किमान ७५ टक्के पालकच असतात. आमच्या पत्र्याला चुन्याचे दोन हात द्यायचा ठराव तिथंच झाला, आणि एका रविवारी गावातल्या सात पोरांनी शिडी लावून ते काम दुपारपर्यंत उरकलं.