युद्ध संपल्यावर पुढच्या पिढ्यांना नक्की काय भोगावं लागतं?

पुस्तकी उत्तर माहीत नाही, घरातलं सांगतो. आम्ही साताऱ्याकडचे, इथं घरटी एक माणूस फौजेत. जवळच अपशिंगे मिलिटरी गाव आहे, नावातच मिलिटरी, पहिल्या महायुद्धात तिथले 46 जण मारले गेले, त्याचं स्मारक आहे गावात.

आज्जीचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले, 1944 ला, तेव्हा आज्जी पाळण्यात होती. तार आली पण बॉडी काय आली नाही, म्हणून पणजीनं शेवटपर्यंत मंगळसूत्र काढलं नाही, लोकं बोलायची, तिनं ऐकून घेतलं. पेन्शन चालू झाली ती दिराच्या हातात, मग आज्जीची शाळा दुसरीत बंद आणि चौदाव्या वर्षी लग्न (हे कुठल्या स्मारकावर लिहीत नाहीत बघा).

आता आज्जी ऐंशीच्या पुढं आहे पण पोस्टमन दारात थांबला की अजून हातातलं काम टाकून उभी राहते, साधं एलआयसीचं पाकीट असलं तरी आधी विचारते कुणाचं काय झालं? आईलाही तीच सवय लागलीय, माझा फोन दोनदा उचलला नाही गेला की ती गावभर फोन लावते.

आणि एवढं असून धाकटा भाऊ भरतीची तयारी करतोय, पहाटे साडेचारला रनिंगला जातो. तो परत येईपर्यंत आज्जी ओट्यावर बसून असते, चहा गार झाला तरी पीत नाही.