प्रश्न वाचकांचे : पुढचे शॉकअप घरी बदलताना

पावसाळा सरला की खड्ड्यांची पत्रं येतात. या वेळी नाशिकमधून आलेल्या पत्रांत पुढच्या सस्पेन्शनबद्दल इतके प्रश्न आहेत की सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : २०१० ची स्विफ्ट आहे, १ लाख १५ हजार किलोमीटर झाले. पुढून ‘खट खट’ आवाज येतो. गॅरेजमध्ये चारही शॉकअप बदलायला सांगितले. ते खरंच गेलेत हे कसं ओळखायचं? (वाचक, सिडको)

नुसत्या आवाजावरून चार शॉकअप बदलू नका. आवाज नेमका कधी येतो ते आधी तपासा. रस्त्याच्या पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात. त्या वेळी स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी आडवी सळई) पीळ पडत नाही आणि तिला स्ट्रटशी जोडणाऱ्या लिंक रॉडवर ताणही येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की येतो. म्हणून हळू वेगात एका बाजूच्या खड्ड्यावर खटखट आणि सरळ गतिरोधकावर शांतता असेल, तर आधी लिंक रॉड हाताने जोरात हलवून बघा. बॉल जॉइंट ढिला असेल तर हाताला कळतो. स्ट्रटच्या (स्प्रिंग पेलणारा पुढचा शॉकअप) मानाने लिंक रॉड बराच स्वस्त पडतो आणि बदलायलाही सोपा आहे.

गतिरोधकावरही आवाज येत असेल तर संशय स्ट्रट, वरचा माउंट (स्ट्रट बॉडीला जोडणारा रबरी भाग) आणि लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश यांच्यावर. स्प्रिंगवर हलकेच हात ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी उभ्या गाडीत स्टीअरिंग सावकाश फिरवायला सांगा. बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये घालू नका. स्प्रिंग अडकून अडकून एकदम ‘टण्ण’ करून सुटत असेल तर वरचं बेअरिंग जाम आहे.

आता खुद्द शॉकअप. नळीवर नुसता ओलसर थर आणि त्यावर धूळ बसलेली असेल तर घाबरू नका. तेलाचा ओघळ खालच्या स्प्रिंगच्या बशीपर्यंत आलेला असेल तर सील गेलं. गाडीचा पुढचा भाग दाबून सोडला की तो वर येऊन लगेच थांबला पाहिजे. दोन-तीन वेळा खालीवर झाला तर शॉकअप संपला. मात्र या चाचणीत पास झाला म्हणजे चांगला, असं नाही. अर्धा गेलेला शॉकअप हाताच्या दाबाने कळत नाही. तो टायरवर कळतो. टायरच्या पृष्ठभागावरून तळवा फिरवा, थोड्या थोड्या अंतरावर खोलगट पट्टे लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारतंय. कसारा घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर नाक खूप खाली जात असेल तर तीही खूण समजा.

चारही बदलायची गरज नसते, पण एका अॅक्सलवरची जोडी मात्र एकत्रच बदला. स्विफ्टच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, त्यामुळे ते काम पुढच्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे. मागचे तपासा आणि गेले असतील तरच बदला.

प्रश्न : जुनी सँट्रो आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा आहे, पान्यांचा सेट आहे. पुढचे स्ट्रट स्वतः बदलायचे आहेत. काय लागेल, क्रम कसा असतो आणि चूक कुठे होते? (वाचक, इंदिरानगर)

करता येईल असं काम आहे. त्यातली एकच पायरी खरोखर धोक्याची आहे, ती म्हणजे स्प्रिंग दाबणं. बाकी सगळं चिकाटीचं काम.

सामान असं घ्या. दोन स्ट्रट, कारण डावा आणि उजवा बहुधा वेगळा असतो. दोन टॉप माउंट, दोन बेअरिंग, दोन बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबताना धक्का अडवणारं रबर), दोन डस्ट कव्हर. खालच्या जोडाचे चार नट-बोल्टही नवे घ्या. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरलेल्या गाडीचे जुने बोल्ट आटे खाऊनच बाहेर येतात. स्प्रिंगला तडा नसेल आणि गंजाचे पापुद्रे सुटत नसतील तर जुनी चालते. माउंट मात्र जुना ठेवू नका. त्याचं रबर गाडीच्याच वयाचं आहे आणि नंतर तेवढाच बदलायचा म्हटलं तरी सगळं काम पुन्हा करावं लागतं.

हत्यारांत ट्रॉली जॅक, २ टनी दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), १२ ते १९ मिलिमीटरचे सॉकेट, लांब दांडा, अॅलन की, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना), तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे आणि मजबूत तार. गाडीसोबत मिळालेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर घोडीखाली जाड प्लायवुडचा तुकडा ठेवा; नाहीतर घोडीचा पाय ब्लॉकच्या फटीत खचतो.

आदल्या रात्री खालच्या दोन बोल्टांवर आणि लिंक रॉडच्या नटवर स्प्रे मारून ठेवा. सकाळी हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओट, म्हणजे अडवायचे ठोकळे, लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा. मग उचला, घोड्या लावा, चाक काढून दाराच्या उंबऱ्याच्या पत्र्याखाली आडवं सरकवा. घोडी घसरलीच तर गाडी चाकावर टेकेल. एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडणीचा नमुना म्हणून समोर राहते.

स्ट्रटचा खालचा कंस आणि चाक धरणारं नकल जिथे जुळतात, तिथली धूळ ब्रशने काढून रंगाच्या पेनने दोन्हींवरून एक रेघ ओढा. बोल्टांच्या डोक्याभोवतीही खूण करा. त्या भोकांत थोडी जागा असते. चाकाचा उभा कल, म्हणजे कँबर, तिथे बदलतो. काही गाड्यांत वरचा बोल्ट मुद्दाम केंद्रापासून सरकलेल्या घडणीचा असतो, तो जसा निघाला तसाच परत बसला पाहिजे.

ब्रेकच्या पाइपची क्लिप सोडवा, एबीएसची वायर असेल तर तीही. लिंक रॉडचा नट फिरवताना आतला बॉलच फिरायला लागला तर मधल्या खाचेत अॅलन की अडकवून तो धरा आणि नट पान्याने फिरवा. खालच्या जोडाचे नट काढताना बोल्ट स्थिर धरून नटच फिरवा, कारण काही बोल्टांच्या मानेवर दाते असतात आणि बोल्ट फिरवला की ते भोक खातात. बोल्ट ठोकायचा असेल तर नट टोकाशी सपाट येईल इतका चढवून मग हातोडी मारा. आटे वाचतात.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. शेवटचा बोल्ट ओढण्याआधी नकल तारेने बांधा. तसंच सोडलं तर ते बाहेर कलंडतं, ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा) आतला जॉइंट जागेवरून सुटू शकतो.

बोनेटखाली टॉप माउंटच्या कडेला दोन किंवा तीन लहान नट असतात. स्ट्रट खालून एका हाताने पेलत तेच सोडायचे. मधला मोठा नट या वेळी सैलही करायचा नाही. तो दाबलेली स्प्रिंग धरून ठेवतो. काही मॉडेलांत कडेचे नट नसतात. मधल्या एका नटाने माउंट बॉडीला धरलेला असतो आणि स्प्रिंग धरणारा नट त्याखाली वेगळा असतो. तुमची गाडी कोणत्या प्रकारची ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघूनच पाना लावा.

छोट्या गाडीची पुढची एक स्प्रिंगसुद्धा दोन-अडीचशे किलो भार पेलते. मधला नट तसाच उघडला तर माउंट तोंडावर येतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन हुक अगदी समोरासमोर लावा, जमेल तितके जास्त वेढे त्यात घ्या, आट्यांना ग्रीस लावा. दोन्ही बाजू आळीपाळीने दोन-दोन फेरे हाताने आवळा. इम्पॅक्ट गन (झटक्यांनी नट फिरवणारं यंत्र) वापरू नका. स्प्रिंग बशीवरून सुटून हाताने हलू लागली की पुरे, तेव्हाच मधला नट काढा. त्या वेळी स्प्रिंगच्या रेषेत तुमचं तोंड किंवा छाती येऊ देऊ नका.

आमचा स्पष्ट सल्ला असा : स्ट्रट घरी उतरवा, स्प्रिंग जुन्या स्ट्रटवरून नव्यावर चढवण्याचं काम भिंतीला बसवलेला स्प्रिंग दाबायचा प्रेस असलेल्या वर्कशॉपमधून करून आणा आणि परत घरीच बसवा. अंबड-सातपूरकडे अशी वर्कशॉप शोधणं अवघड नाही. पैसे फार लागत नाहीत आणि जोखीम उरत नाही.

नवा स्ट्रट आडवा पडून असतो, त्यामुळे बसवण्याआधी उभा धरून दांडा चार-पाच वेळा पूर्ण खालीवर करा. आत अडकलेली हवा निघते. त्या चकचकीत दांड्याला पक्कड किंवा ग्रिप प्लायर लावू नका. नखालाही जेमतेम लागेल एवढा ओरखडा प्रत्येक हेलकाव्याला सीलच्या ओठावरून घासतो आणि नवा स्ट्रट थोड्याच दिवसांत गळू लागतो. नट आवळताना दांडा फिरू नये म्हणून वरच्या टोकाला अॅलन की किंवा पाना लावायची सोय असते.

जोडणीत आधी बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर, मग स्प्रिंग, वरचं रबर आणि बशी, बेअरिंग, माउंट, नट. स्प्रिंगचं खालचं टोक बशीतल्या पायरीला टेकलेलं असलं पाहिजे. गाडीवर बसवताना वरचे नट आधी हाताने, मग खालचे बोल्ट, रेघ जुळवून. आवळण्याचे आकडे मॅन्युअलमधले घ्या, अंदाजाने नको. चाकाचे नट बहुतेक छोट्या गाड्यांत ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतात आणि ते समोरासमोर आवळायचे. लोअर आर्मचा बोल्ट सोडला असेल तर तो गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळा. लटकत्या चाकात आवळला तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. निघण्याआधी स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा पाइप कुठे घासत नाही ना ते बघा.

प्रश्न : जुने शॉकअप ‘भरून’ देतात, नव्याच्या निम्म्याहून कमी खर्चात. चालतं का? (वाचक, नाशिकरोड)

पुढच्या स्ट्रटला नको. ज्या स्ट्रटची बनावट मुळात उघडण्यासाठी नसते, त्याची नळी कापून तेल घालून पुन्हा वेल्ड करतात. आतले झिजलेले व्हॉल्व्ह तसेच राहतात, वेल्डिंगच्या उष्णतेने सील खराब होतं. त्यात स्ट्रट नुसता धक्के शोषत नाही. चाक त्याच्याच आधाराने उभं राहतं आणि वळतं. १९५० च्या सुमारास फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिरमध्ये अर्ल मॅकफर्सनची ही रचना आली. वरचा आर्म काढून त्याचं काम स्ट्रटवर सोपवलं, हीच तिची खुबी. त्यामुळे कमकुवत वेल्डचा धोका इथे थेट स्टीअरिंगपर्यंत पोचतो.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गॅब्रिएलचा शॉकअॅब्सॉर्बरचा कारखाना आहे, पण त्यामुळे गावात मिळणारा प्रत्येक खोका खरा ठरत नाही. पार्ट नंबर, शिक्का आणि बिल बघून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

प्रश्न : दोन्ही स्ट्रट नवे बसवले, तरी पुढून आवाज येतो आणि गाडी डावीकडे ओढते. शिवाय पुढचा भाग किंचित उंच दिसतो. काय चुकलं? (वाचक, पंचवटी)

उंचीची काळजी करू नका. गॅसचा नवा स्ट्रट थोडा उचलतोच, काही दिवसांत बसतो. फक्त एकच बाजू उंच असेल तर त्या बाजूचं स्प्रिंगचं टोक पायरीत बसलेलं नाही, उघडावं लागेल.

आवाज गतिरोधकावरून उतरताना येत असेल तर मधला नट सैल आहे किंवा माउंट जुना ठेवलाय. स्टीअरिंग फिरवताना येत असेल आणि वळणानंतर ते आपोआप सरळ होत नसेल, तर बेअरिंग उलटं बसलंय. त्याची वरची बाजू कोणती, ते खोक्यावरच्या चित्रात किंवा बेअरिंगवरच्या खुणेत असतं.

गाडी ओढते याचं कारण बहुधा अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, केलेलं नाही. खालचे बोल्ट एकदा सुटले की कँबर आणि टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) दोन्ही हलतात, रेघ कितीही नीट जुळवली तरी. अलाइनमेंट करताना आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा आणि डाव्या-उजव्या कँबरमधला फरक मॅन्युअलच्या मर्यादेत आला का ते बघा. फक्त टो जुळवून ‘झालं’ म्हणाले तर खालच्या बोल्टांवर कँबर जुळवायला सांगा. नाहीतर टायरची एक कड झिजून जाईल आणि ते वरून दिसणारही नाही. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट, खालचे बोल्ट आणि लिंक रॉडचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.