अँथनी गोन्साल्विस खरोखर होऊन गेले का?

प्रश्न : ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात ज्यांचे नाव येते, त्या अँथनी गोन्साल्विस नावाचे कलावंत प्रत्यक्षात होते असे ऐकले. ते कोण होते आणि त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक का नाही? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : होय, ते प्रत्यक्षात होते. दक्षिण गोव्यातील माजोर्डा गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे हिंदी चित्रपटसृष्टीतील व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. १९७७ सालच्या या चित्रपटाला लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे संगीत होते, आणि गाण्यात हे नाव आले ते प्यारेलाल यांनी आपल्या गुरूंना दिलेली मानवंदना म्हणून. गुरूचे नाव असे खुसखुशीत गाण्यातून घरोघरी पोहोचावे, हे आपल्याकडच्या गुरुदक्षिणेच्या परंपरेत वेगळेच म्हणायला हवे.

मात्र त्यांचे खरे कर्तृत्व या गाण्याच्या बरेच आधीचे आहे. भारतीय रागांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या भाषेत मांडता येईल, या विचाराने त्यांनी १९५८ साली ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी गायन केले होते. साठच्या दशकाच्या मध्यावर, मुंबईत मागणी असतानाच, ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले आणि चित्रपटसृष्टीशी त्यांचा संबंध जवळजवळ संपला. पुढे ते माजोर्ड्याला परतले आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले. ज्या वर्षी त्यांचे नाव देशभर गाजले, त्या वर्षी ते स्वतः या व्यवसायात नव्हते, हेही अपरिचित राहण्याचे एक कारण आहे.

प्रश्न : संगीत संयोजक नेमके काय करतो? या कामात गोव्याचेच कलावंत इतके का दिसतात? (एक वाचक, पुणे)

उत्तर : संगीतकार बहुधा हार्मोनियमवर चाल बसवून गाऊन दाखवी. ती चाल तीस-चाळीस किंवा त्याहून अधिक वादकांकडून वाजवून घ्यायची, तर गाण्याआधीचे संगीत, दोन कडव्यांमधील भरणा आणि गायकाच्या ओळीखालून वाहणारी दुसरी सुरावट कोणीतरी कागदावर उतरवावी लागे आणि प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र कागद तयार करावा लागे. ध्वनिमुद्रण एकत्रच होत असल्याने एका वादकाची चूक म्हणजे सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा वेळी स्वरलिपी झरझर वाचणारा वादक लागे, आणि पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपीवाचन व व्हायोलिन लहानपणीच शिकवले जात असल्याने असा वादक तेथूनच मिळे. मुंबईच्या हॉटेलांतील बँडमध्ये वाजवणारे हे लोक चाळीसच्या दशकात स्टुडिओत आले.

शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझा यांनी सुमारे दोन दशके हे काम केले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील व्हायोलिनचे ते भरगच्च ताफे आठवा. याचा अर्थ चाली सेबॅस्टियन यांच्याच होत्या असा नव्हे. असे दावे अलीकडे उत्साहाच्या भरात केले जातात आणि ते मला अन्यायकारक वाटतात. चाल एकाची आणि तिचा पेहराव दुसऱ्याचा, असे ते सहकार्य होते. श्रेयनामावलीत मात्र ‘सहायक’ म्हणून दत्ताराम आणि सेबॅस्टियन एवढाच उल्लेख असे. यातील दत्ताराम वाडकर हेही गोव्याचेच. तालाची बाजू त्यांच्याकडे असे आणि त्यांच्या ढोलकीच्या वजनाला वादक आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात. ‘परवरिश’ (१९५८) या चित्रपटाचे स्वतंत्र संगीतकार म्हणून नाव झाल्यावरही ते शंकर-जयकिशन यांचे सहायक राहिले.

चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ मूळचे गोव्यातील हळदोण्याचे. चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’मधील (१९५१) पाश्चात्त्य ढंगात त्यांचा मोठा वाटा होता. हॉटेलांतील श्रोते त्यांना नावाने ओळखत. तबकडीवर मात्र त्यांचे नाव नसे. वादकाला त्या दिवसाचे मानधन मिळे आणि तबकडी कितीही खपली तरी पुढे काही नाही. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आणि वेगवेगळ्या वेळी ध्वनिमुद्रण करण्याची सोय आली, तेव्हा मोठ्या ताफ्याची गरजच उरली नाही आणि पुष्कळ व्हायोलिनवादकांची कामे आटली.

प्रश्न : मराठी भावगीतांतही असे कलावंत होते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होते. प्रभाकर जोग हे त्यातले ठळक नाव. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ प्रसारित झाले, तेव्हा ते सुधीर फडके यांच्याबरोबर व्हायोलिन वाजवत होते, आणि पुढे ‘गाणारे व्हायोलिन’ ही त्यांची ओळख झाली. गायक गात असतानाच नोटेशन लिहून घेण्याचा त्यांचा वेग वादकांमध्ये वाखाणला जाई. ते स्वतः संगीतकारही होते. ‘स्वर आले दुरुनी’ हे गीत यशवंत देव यांचे, गायले बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडके यांनी, आणि चाल जोगांची. पण ती बाबूजींचीच असे समजणारे जाणकार श्रोतेही मला भेटले आहेत.